चांदीच्या पाटाचा चौथा प्रयोग

देवराम तांबटाने मिशी काढली त्या दिवशी दुपारपर्यंत तेरा माणसे त्याच्या घरी समाचाराला येऊन गेली. बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावायचा नाही हा तांबट आळीतला नियम सरकारी कायद्यांपेक्षा जुना होता, आणि त्यांच्यापेक्षा नीट पाळला जात होता. त्यामुळे देवरामचा सपाट ओठ पाहून लोकांनी जे समजायचे ते समजून घेतले. येणारा ओटीवर चढे, टोपी काढून मान खाली घालून बसे आणि मान वर करतो तो समोर भागुजीबाबा तंबाखू मळत बसलेले.

"कोण गेलं रे?" बाबा काळजीने विचारत.

"कुणी नाही बाबा. सहज आलो होतो," असे म्हणून माणूस टोपी घालून निघून जाई.

चौदावा माणूस आला तेव्हा बाबा कंटाळले होते. "मीच गेलो," ते म्हणाले. "पोरगं नाटकात बाई झालंय. ते ऐकून गेलो."

नाटकाचे नाव 'संगीत चांदीचा पाट'. बत्तीस सालच्या मार्गशीर्षात नाशकात त्याचे तीन प्रयोग झाले. चौथा सरकारने होऊ दिला नाही. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्याला जागा मिळण्याचा संभव नाही, आणि ज्यांनी इतिहासात जागा मिळवलेली काही नाटके पाहिली आहेत त्यांना याचे वाईट वाटणार नाही.

लिहिले होते रंगनाथ मास्तरांनी. मास्तर मूळचे वाईकडचे. नाशकात येऊन त्यांना जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. इंग्रजी तिसरीला ते व्याकरण शिकवत आणि त्यातून सावरण्यासाठी विनोदी लिहीत. गोष्ट साधी होती. लग्नाची पंगत बसते आणि वरमाय म्हणते, मी लाकडी पाटावर बसायची नाही, मला चांदीचा पाट हवा. मुलीचा बाप गावभर वणवण करून चांदीचा पाट पैदा करतो. मग बाई त्यावर बसते, ती उठेचना. उठले आणि पाट दुसऱ्या कुणी उचलला तर? तीन अंकभर विहीण पाटावर, आणि अख्खे लग्न तिच्या भोवती खोळंबलेले.

विहिणीचे काम देवरामला मिळाले, कारण मास्तरांनी त्याला भजनात गाताना ऐकले होते. देवराम अंगाने हंड्यासारखा. आवाज मात्र असा, की डोळे मिटून ऐकावे तर समोर एखादी बारीक चणीची पोर उभी आहे असे वाटावे. "देवरामपंत," मास्तर म्हणाले, "तुम्ही नुसते बसलात तरी हुंडा मागितल्यासारखं वाटतं. ही देणगी आहे."

पैठणी घरचीच होती, बायको गोजराबाईच्या लग्नातली, येवल्याची. ती मागायला देवराम बायकोपुढे उभा राहिला तेव्हा तिने पेटीची किल्लीच त्याच्या अंगावर टाकली. "न्या. पण मी बघायला यायची नाही. माझी पैठणी माझ्यापेक्षा तुम्हाला शोभली, तर तो अपमान मला सोसायचा नाही."

तालमी देवरामच्या कारखान्यात व्हायच्या. नाटकातले मुख्य पद बसता बसेना. मास्तरांनी पेटीवर चार चाली लावून पाहिल्या, तबल्यावरच्या बद्रुद्दीनने पाच ठेके धरून पाहिले. देवराम आपला कोपऱ्यात एक हंडा मठारत बसला होता. हंड्याच्या अंगावर हातोडीने एकाला एक लागून ठोके द्यायचे, दोन जवळ आणि एक लांब, की त्या ठोक्यांची नक्षी उठते आणि पत्रा घट्ट होतो. बद्रुद्दीन एकदम म्हणाला, "मास्तर, ते ऐका. आपण उगाच शोधतोय. ठेका त्या हंड्यात आहे." आणि त्या ठेक्यावर पद बसले, ते असे:

*आल्या होत्या पाहुण्या, बसल्या मांडून ठाण,*
*पाट मागितला चांदीचा, सोन्याचं मागितलं पान;*
*वाढून वाढून आमचं घर रितं झालं,*
*उठा की हो विहीणबाई, पान वाळलं!*

आता इथे एक चूक झाली. आळीत पत्र्याचे घाऊक व्यापारी रावसाहेब राहत. तांब्यापितळेचा जो पत्रा आळीत वाजे तो त्यांच्या वखारीतून आलेला असे. रावसाहेब ही त्यांना सरकारने दिलेली पदवी; कलेक्टरसाहेबांच्या स्वागताला त्यांनी उभारलेली कमान तीन वेळा पडली, तरी त्यांनी ती चौथ्यांदा उभारली, ही चिकाटी वर कुणाच्या तरी नजरेत भरली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांच्या मंडळींनी, म्हणजे वरमायेने, खरोखरीचा चांदीचा पाट मागितला होता, आणि रावसाहेबांचे वऱ्हाड व्याह्यांच्या घरी, मालेगावला, अकरा दिवस तळ ठोकून होते. आळीला हे तोंडपाठ होते. रंगनाथ मास्तरांना यातले अक्षर ठाऊक नव्हते. त्यांनी वाईची आपली सख्खी आत्या लिहिली होती. मास्तरांना ठाऊक असेलच असे समजून देवराम काही बोलला नाही, आणि देवराम काही बोलला नाही म्हणून मास्तरांना ते ठाऊक झाले नाही.

पहिल्या प्रयोगाला रावसाहेब पुढच्या रांगेत खुर्चीवर होते. पहिला अर्धा तास ते मनापासून हसले. मग रंगमंचावर चांदीचा पाट आला आणि मागच्या तीनशे माना एकदम रावसाहेबांकडे वळल्या. रावसाहेबांना नाटक कळले नव्हते, माना कळल्या.

दुसऱ्या प्रयोगाला ते आले नाहीत. लोक त्यांची रिकामी खुर्ची बघायला आले आणि नाट्यगृह भरले. तिसऱ्या प्रयोगाला मास्तरांनी उत्साहाच्या भरात पदाला आणखी एक कडवे जोडले. देवरामने ते सकाळी पाठ केले आणि रात्री म्हटले. त्या प्रयोगाला दोन शिपाई साध्या वेशात बसले होते. ते वन्समोर द्यायला विसरले म्हणून ओळखू आले.

चौथ्या प्रयोगाच्या दिवशी मनाईहुकूम आला आणि नाटकाच्या वह्या जप्त झाल्या.

त्यामागे रावसाहेबांचा अर्ज होता. 'हे नाटक माझ्यावर आहे' असे लिहावे तर पाटाची गोष्ट कागदावर येते. म्हणून त्यांनी तीन रात्री विचार केला आणि चार पानी अर्जात सिद्ध केले की हे नाटक सरकारवर आहे. विहीण म्हणजे सरकार. पाहुणी म्हणून आली आणि ठाण मांडून बसली. चांदीचा पाट म्हणजे शेतसारा. वाढणारे यजमान म्हणजे हिंदी रयत. आणि 'उठा की हो' याचा अर्थ सरकारास उघड उघड चालते व्हा म्हणणे. दिवस कायदेभंगाचे होते. कचेरीला यापेक्षा कमी पुरावाही चालला असता.

कचेरीतल्या एका कारकुनाने अर्जाची नक्कल मास्तरांना दाखवली. मास्तरांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढं चांगलं नाटक मी लिहिलंय, याची मला कल्पनाच नव्हती." महिन्याभरात शाळेने त्यांना निरोप दिला. मुंबईला एका बोलपट कंपनीत संवाद लिहायला ते निघून गेले, आणि तिथे त्यांनी काही चांगले लिहिल्याचे ऐकिवात नाही.

नाटक मेले. पण अर्जाचा मजकूर कारकुनाकडून चहाच्या दुकानात गेला, दुकानातून गावात गेला आणि नाशकाला उमजले की आपण ज्याला हसलो ते देशभक्तीचे होते. पुढच्याच आठवड्यात प्रभातफेरीची मुले ते पद म्हणत सरकारवाड्यावरून गेली. नदीवर धुणे आपटणाऱ्या बायका म्हणू लागल्या. पंचवटीच्या बाजारातल्या भाजीवाल्या, दोन पैशांच्या मेथीसाठी पाव तास घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला "उठा की हो, पान वाळलं" म्हणू लागल्या. बद्रुद्दीन लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवी. त्याने वरातीत ती चाल सुरू केली. शिपायाने हटकले तर म्हणायचा, "शब्द कुठायत जमादार? तुमच्या मनात आले असतील, तर मी काय करू?" येवल्याच्या मागांवर ती पोचली, आणि तिथे तिचा खटक्याशी मेळ बसला.

आणि तांबट आळीत तर प्रश्नच नव्हता. तिथे शंभर हातोड्या सकाळी सातपासून तेच पद मठारत. दोन ठोके जवळ, एक लांब. रावसाहेबांची माडी आळीच्या तोंडाशी. त्यांनी एकदा देवरामच्या कारखान्यात येऊन सांगून पाहिले, "जरा निराळे ठोके देत जा."

"देऊ की," देवराम म्हणाला. "फक्त हंडा फाटेल."

इथवर देवराम खुशीत होता. नाटकाच्या आधी तो आळीतला एक तांबट होता. आता दुसऱ्या आळीतली माणसेही त्याला बोलावून "ते एकदा म्हणा" म्हणत, आणि तो दरवाजा लोटून घेऊन म्हणे. मिशी पुन्हा वाढली होती, तरी पद म्हणताना तो वरच्या ओठावरून बोट फिरवी. चाळीस वर्षे त्याने हंडे, घागरी, बंब घडवले. त्यातल्या एकावरही त्याचे नाव नव्हते. हे पद मास्तरांनी लिहिले होते, बसले हंड्यामुळे, पण गावात ते देवरामचे होते.

मग येवल्याहून देवरामच्या लेकीला, चंद्रभागेला, स्थळ आले.

मुलगा निवृत्ती, घरचा कारखाना, स्वभावाने गरीब. मुलाला मुलगी पसंत, मुलाच्या आईलाही पसंत. ती आई म्हणजे वत्सलाबाई, आणि वत्सलाबाई म्हणजे रावसाहेबांची सख्खी धाकटी बहीण. मुलाच्या मामाने होकार दिल्याशिवाय सुपारी फुटायची नव्हती.

रावसाहेबांनी देवरामला माडीवर बोलावले.

"पोरगी चांगली आहे, देवराम."

"आपली कृपा."

"कृपा अजून व्हायची आहे." त्यांनी मुद्रांकाचा कागद पुढे सरकवला. "वाच."

कागदावर सुबक अक्षरात लिहिले होते, की मी, देवराम भागुजी तांबट, 'चांदीचा पाट' या नाटकातील कोणतेही पद आजपासून माझ्या मुखाने, एकट्याने अगर मंडळीत, घरी अगर बाहेर, उघड अगर गुणगुणून म्हणणार नाही. म्हटल्यास माझ्या मुलीच्या सासरच्यांनी तिला माहेरी आणून घातल्यास माझी तक्रार राहणार नाही.

"गुणगुणून सुद्धा?" देवरामने विचारले.

"सुद्धा."

"रावसाहेब, काम करताना माणूस..."

"पोरगी सोळा वर्षांची झाली," रावसाहेब म्हणाले. "दुसरं स्थळ बघायचं असलं तर बघ. जातीत जिथं जाशील तिथं पत्रा माझाच असेल."

देवरामने सही केली. घरी येऊन त्याने सांगितले तेव्हा गोजराबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"गुणगुणून सुद्धा?" तिनेही तेच विचारले.

"पोरीसाठी केलं गं."

"मिशी काढलीत तेव्हा आळी म्हणाली, याचं नाक गेलं. मी म्हटलं, जाऊ दे, गातोय तर खरा." तिने भाकरी तव्यावर टाकली. "नाक आज गेलं."

"तू तर नाटक बघायलाही आली नाहीस!"

"आले नाही म्हणून काय ऐकलं नाही? सहा महिने माझ्या माथ्यावर हंडे कुटले तुम्ही."

चंद्रभागा चुलीपाशी होती. तिने लाकूड आत सारले. त्या दिवसापासून देवराम घरात शिरला की बायकांचे बोलणे एकदम थांबे. शेजारपाजारच्या सिंधुबाई, भिमाबाई आणि आणखी चारदोघी दुपारी कुरडया घालायच्या निमित्ताने येत. इतक्या कुरडया त्या घरात कधी लागल्या नव्हत्या. देवरामला वाटे, आपल्याला हिणवतात. तो कारखान्यात जाऊन बसे, हातोडी उचली, आणि दोन ठोके जवळ, एक लांब पडले की तोंड घट्ट मिटून घेई. हात म्हणत होते आणि तोंड मिटलेले, असे त्याने दोन महिने काढले. पाण्याने भरलेला बंब उचलण्यापेक्षा ते जड होते, असे त्याने पुढे कधीतरी सांगितले.

वैशाखात लग्न लागले. दुपारी वरपक्षाची पंगत बसली. या पंगतीत मुलीकडच्या बायकांनी विहिणीला उद्देशून गाणी म्हणायची, तिला चिडवायचे, मोठेपणाही द्यायचा, ही जुनी रीत. तशीच दुसरी एक रीत आहे. पंगत बसते एकदम आणि उठते एकदम. वरपक्षातला वडीलधारा मध्येच पानावरून उठला, तर त्याच्याबरोबर सगळे वऱ्हाड उठते. आणि असे उठलेले वऱ्हाड नवरी घेऊन जात नाही.

वडीलधारे रावसाहेब होते. त्यांच्या शेजारी, आळीने बघावे म्हणून त्यांनीच आणलेले फौजदारसाहेब होते. फौजदारसाहेब पोटावरचा पट्टा, पायांवरच्या पट्ट्या आणि बूट सोडून मांडी घालून बसले होते, आणि त्या क्रियेला वीस मिनिटे लागली होती. समोरच्या रांगेत बायका. मधोमध वत्सलाबाई, लाकडी पाटावर. पलीकडे नवरानवरी. देवराम तुपाचे तपेले घेऊन वाढत फिरत होता.

आधी दोन नेहमीची गाणी झाली. वत्सलाबाईंनी ती मान हलवत ऐकली. मग माजघराच्या दारात गोजराबाई पुढे आली. तिने त्या दिवशी ती पैठणी नेसली होती. तिच्यामागे सतरा बायका होत्या. सिंधुबाईने एक रिकामा तांब्या उपडा घेतला आणि चमच्याने ठेका धरला. दोन जवळ, एक लांब.

*आल्या होत्या पाहुण्या, बसल्या मांडून ठाण...*

देवरामच्या हातातली तुपाची पळी रावसाहेबांच्या भातावर थांबली. मांडवातले सगळे हात आपापल्या पानावर थांबले. गोजराबाईचा आवाज जाडाभरडा होता आणि सुरात अजिबात नव्हता. पण ती थांबली नाही. कुरडया कशासाठी घातल्या ते देवरामला आता कळले.

*...उठा की हो विहीणबाई, पान वाळलं!*

रावसाहेबांचा उजवा गुडघा जमिनीपासून चार बोटे वर आला.

सगळ्यांना तो दिसला. तो पुरता वर आला की लग्न मोडले. देवराम तपेले धरून त्या गुडघ्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने कुठल्या देवाकडे इतके निरखून पाहिले नव्हते.

"रावसाहेब," फौजदारांनी घास गिळून विचारले, "हे ते तुमच्या अर्जातलं नव्हे?"

"कुठल्या अर्जातलं?"

"विहीण म्हणजे सरकार. चांदीचा पाट म्हणजे शेतसारा. तुमचंच अक्षर होतं. मी दोनदा वाचला. शेतसाऱ्याचा मुद्दा मला फार आवडला होता."

"हां, ते... ते होय."

"म्हणजे आता मला उठायला पाहिजे." फौजदारांनी खिन्नपणे पट्ट्यांकडे आणि मग माजघराच्या दाराकडे पाहिले. "सतरा बायका. त्यांत तीन लेकुरवाळ्या, एक तर कडेवर घेऊनच उभी आहे. सगळ्यांना कचेरीत न्यायचं. जबानी तुमची. आणि जिलबी अजून वाढलेली नाही. तेव्हा नीट आठवून सांगा. हे सरकारवर आहे?"

रावसाहेब गुडघा तसाच अधांतरी धरून विचार करू लागले. होय म्हणावे, तर सख्ख्या भाच्याच्या लग्नातून, आपल्या साक्षीवर, सतरा बायका कचेरीत. नाही म्हणावे, तर चार पानी अर्ज खोटा.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "हे... बायकांचं गाणं आहे. घरगुती."

"मग सरकारवर नाही?"

"नाही."

"बरं झालं. मग कुणावर आहे?"

मांडवातल्या एकजात सगळ्या माना रावसाहेबांकडे वळल्या. रावसाहेबांचे कपाळ तुपासारखे चकाकू लागले. "कुणावर नाही," ते पुटपुटले.

"कुणावर नाय कसं, दादा?" समोरच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. वत्सलाबाई. "माझ्यावर हाय! हितं विहीण कोण हाय, मी का तू?"

"वत्सला, तू गप बस."

"का गप बसू? माझ्या मुलाचं लगीन, माझी पंगत, माझ्यावर गाणं. आमच्या येवल्यात माग चालवणारे लय दिवस म्हणत्यात हे. पण पुरं कुणालाच येत नाय. एक कडवं म्हणत्यात न् परत तेच." तिने दाराकडे मान वळवली. "विहीणबाई, पुढचं म्हणा की! का माझ्या वाट्याला अर्धंच?"

गोजराबाईने मागे वळून पाहिले. तिच्यामागच्या सतराजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. दुसरे कडवे तिसऱ्या प्रयोगाला एकदाच म्हटले गेले होते. वह्या जप्त होत्या. मास्तर मुंबईला. ते कडवे आता साऱ्या नाशकात एकाच माणसाला येत होते, आणि तो तुपाचे तपेले घेऊन उभा होता.

"तुम्ही म्हणा," गोजराबाई भर मांडवात नवऱ्याला म्हणाली. "का पैठणी सोडून देऊ?"

लोक हसले. रावसाहेब हसले नाहीत. त्यांचा गुडघा अजून खाली टेकला नव्हता.

"देवराम," ते हळूच म्हणाले, "कागद माझ्या खिशात आहे."

देवरामने लेकीकडे पाहिले. नवरीने आपल्या पानाकडे बघत बसायचे असते. चंद्रभागा थेट त्याच्याकडे बघत होती. शेजारचा निवृत्ती तिच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, की कडवे म्हटलेच जाणार नाही.

"म्हणा ना दादा," चंद्रभागा बापाला म्हणाली. "सासूबाई वाट बघतायत."

देवरामने तपेले खाली ठेवले. रावसाहेबांच्या पानासमोरच ठेवले.

"काढा कागद," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "फौजदारसाहेब आहेतच, त्यांना वाचून दाखवा. गाणं कुणावरच नाही म्हणालात ना? मग ते म्हणू नये म्हणून माझ्या पोरीचा संसार कशाला गहाण टाकून घेतलात, तेही सांगा त्यांना. वाढपी खोळंबलेत, पण आम्ही थांबतो."

फौजदारांनी कुतूहलाने हात पुढे केला. रावसाहेबांचा हात कोटाच्या खिशापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ राहिला, आणि रिकामा परत आला. मग गुडघा खाली टेकला.

देवरामने वरच्या ओठावरून बोट फिरवले. सिंधुबाईने तांब्या धरला. आणि त्या हंड्याएवढ्या माणसाच्या तोंडून दोन महिने कोंडलेला तो बारीक आवाज निघाला तेव्हा आचारी झारा घेऊन बाहेर आला, आणि घोड्याला चारा घालणारा मोतद्दार दाराशी येऊन उभा राहिला.

*हात धुवा, तोंड पुसा, विडा घ्या हो हाती,*
*गाडी उभी दारात, बैलं वाट पाहाती;*
*सांगून सांगून आमचं तोंड वाळलं,*
*उठा की हो विहीणबाई, पान वाळलं!*

शेवटच्या ओळीला सतरा बायका होत्या, मग वत्सलाबाई होत्या, मग अख्खे वऱ्हाड होते. मांडवाबाहेर बद्रुद्दीनच्या क्लॅरिओनेटने न सांगता साथ धरली. गाणे उठायला सांगत होते आणि एकाही माणसाला उठता येत नव्हते.

"काय गळा आहे हो!" फौजदार मांडीवर थाप मारून म्हणाले. त्यांना नाटकाची हौस होती. तिसऱ्या प्रयोगाला शिपाई पाठवण्याऐवजी आपणच गेलो असतो तर बरे झाले असते, असे ते मागाहून दोघातिघांजवळ बोलले. आता मात्र ते तोंडात घास असतानाच ओरडले, "वन्समोर!"

"साहेब, पान वाळेल तुमचं," रावसाहेब क्षीणपणे म्हणाले.

"वाळू द्या."

देवरामने वत्सलाबाईंकडे पाहिले. त्यांनी पदर खोचला, मांडी नीट घातली आणि हात हलवून सांगितले, आल्या होत्या पाहुण्या, तिथून.

देवरामने पहिल्यापासून सुरुवात केली.